बारा बोअरला पंप

निफाडला चुलतभावाला फोन लावला होता. पाऊस, द्राक्षं, कोणाचं लग्न कुठे ठरलं वगैरे झाल्यावर सहज बोलून गेलो, "अरे, त्या बारा बोअरचं एकदा काहीतरी करून टाकावं म्हणतो. पंप घ्यावा, की आहे तेच नीट करून घ्यावं, कळत नाही."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग काळजीचा आवाज आला, "दादा, बारा बोअर कधी मारले तुम्ही? आन् एकालाबी पाणी नाही लागलं?"

मी बंदुकीबद्दल बोलत होतो, तो पाण्याबद्दल. चूक त्याची नव्हती. द्राक्षाच्या मुलखात बोअर म्हणजे जमिनीला पाडलेलं भोक, आणि पंप म्हणजे त्या भोकातून नशीब उपसायचं यंत्र. 'किती फुटांवर लागलं' आणि 'किती एचपीची टाकली' हे तिथले कुशल विचारायचे प्रश्न आहेत. आम्ही शहरात राहायला आलेली माणसं. बोअर हा शब्द आमच्याकडे फक्त कंटाळा आला की निघतो. मी बंदुकीचा खुलासा केला तेव्हा तो मनापासून हसला आणि म्हणाला, "मंग ठीक. मला वाटलं, काही कामाचं बोलता."

ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

तर आमच्या घरात एक दुनळी आहे. आजोबांनी घेतलेली, बर्मिंगहॅमची, बारा बोअरची. ह्या बाराचा अर्थ मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हता. नळीचा घेर बारा कसलासा, काडतुसात बारा छर्रे, टप्पा बारा हात, असं मी बँकेतल्या सहकाऱ्यांना वेळोवेळी ठणकावून सांगितलेलं आहे. खरा हिशोब सोनाराच्या पेढीवर शोभावा असा निघाला. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या बारा सारख्या गोळ्या पाडायच्या, आणि त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळाच्या नळीसाठी त्याच पौंडाच्या सोळा गोळ्या पाडायच्या, म्हणून ती बारापेक्षा बारीक. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे आमच्या भावकीत कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

आजोबांनी बंदूक कशासाठी घेतली ह्याबद्दल घरात तीन मतं होती. आजी म्हणायची, रानडुकरांसाठी. वडील म्हणायचे, दरोडेखोरांसाठी. भावकी म्हणते, भावकीसाठी. ती किती वेळा उडाली ह्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे: बोटांवर मोजण्याइतकी. वडिलांनी तिच्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं घातलेली मी पाहिली आहेत. पुढे दूरदर्शनवर त्याच नावाचा गिरक्या घेणारा नायक आला तेव्हा आमच्या मुलीला वाटलं, तो आजोबांच्या बंदुकीतूनच निघाला असणार. वडील १९९४ साली गेले, परवाना माझ्या नावावर झाला, आणि तेव्हापासून दुनळी पोलादी कपाटात व मी आधी बँकेत, मग पेन्शनीत, असे दोघे आपापल्या जागी निवांत होतो.

निवांतपणात बिब्बा घातला तो सुभेदारांनी.

सुभेदार म्हणजे आमच्या शाखेच्या दारावरचे बंदूकधारी. तोफखान्यातून निवृत्त होऊन आले आणि पुढे माझ्याच वर्षी बँकेतूनही निवृत्त झाले. बँकेच्या दारात त्यांच्याकडे स्वतःच्या परवान्याची, सरकारी कारखान्यातली पंप ॲक्शन बंदूक असे. सकाळी आम्ही दोघं गोल्फ क्लबच्या मैदानाला फेऱ्या मारतो. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण नाशिककर त्याला गोल्फ क्लबच म्हणतात, आणि गोल्फ खेळताना तिथे मी कोणालाही पाहिलेलं नाही.

पंप ॲक्शन म्हणजे काय, ते सुभेदारांनी मला ह्या मैदानावर छत्री घेऊन शिकवलं. नळीच्या खाली दुसरी नळी. तिच्यात काडतुसं एकामागे एक, रेशनच्या रांगेसारखी. डाव्या हातात लाकडी मूठ. ती मागे ओढली की उडालेल्या काडतुसाचं टरफल बाहेर. पुढे ढकलली की रांगेतलं पुढचं काडतूस नळीत आणि मागचं दार बंद. खच्-खच्. सायकलमध्ये हवा भरताना जसा हात मागेपुढे होतो, तसाच. "साहेब, अर्धवट ओढली तर मात्र अडकणार," सुभेदार म्हणाले. "ओढायची तर पूर्ण ओढायची. बंदूक लाजरी चालत नाही." आणि त्यांनी छत्री अशी काही ओढली की ती उघडली आणि दोन जॉगर बाजूला झाले.

ही युक्ती चांगली चालवून दाखवणारा कारागीर अमेरिकेतला जॉन ब्राउनिंग. विंचेस्टर कंपनीसाठी त्याने १८९३ आणि १८९७ साली पंपाच्या बंदुका घडवल्या. त्यातली १८९७ची पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी खंदकांत नेली, आणि १९१८ साली जर्मनीने चक्क लेखी निषेध नोंदवला, की हे शस्त्र नाहक यातना देणारं आहे. विषारी वायू सोडणाऱ्यांनी छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी, हेही त्या युद्धात होऊन गेलं. ब्राउनिंगचं नाव मात्र नाशिकला ह्याआधीच पोहोचलं होतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तिथे अठरा वर्षांच्या अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच होतं. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ज्या मुलाने एक शस्त्र हातात घेऊन आयुष्याचा निकाल लावला, त्याच्या नावाच्या मैदानावर आम्ही दोन म्हातारे बंदुकीला रबरी पॅड बसवावं की नाही ह्याची चर्चा करत फिरतो. फेरी कधीकधी मधेच जड होते ती ह्यामुळे.

पण चर्चा थांबत नाही, कारण आमचे रोग वेगवेगळे होते. सुभेदारांकडे पंप होता आणि त्यांना तो सुधारायचा होता. माझ्याकडे दुनळी होती आणि मला ती देऊन पंप घ्यायचा होता. मी त्यांना सांगायचो, 'सुभेदार, आहे त्यावर खर्च कशाला, सरळ नवी घ्या.' ते मला सांगायचे, 'साहेब, वाडवडिलांची वस्तू विकू नका, तीच नीट करून घ्या.' दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हे. इथे तर बंदुकाही दुसऱ्याच्याच होत्या.

सुभेदारांची यादी लांब होती. कुंदा नवा, अक्रोडाचा. त्याला मागे रबर, म्हणजे खांद्याला धक्का कमी. नळीच्या टोकाची माशी जरा मोठी, कारण डोळ्यांना बारीक माशी दिसेनाशी झाली आहे. कातडी पट्टा. आणि नातवाच्या आग्रहाखातर नळीखाली टॉर्च. हा नातू मोबाइलवर अमेरिकन चित्रफिती पाहतो. तिकडे १९५० साली आलेली रेमिंग्टन ८७० नावाची पंप बंदूक एक कोटीहून जास्त खपली आहे, आणि तिचे सुटे भाग मिळणारी दुकानं आपल्याकडच्या बांगड्यांच्या दुकानांसारखी आहेत. लोक तिला बारशातल्या बाळासारखी नटवतात. कुंदा बदलतात, मूठ बदलतात, खालची नळी लांब करतात म्हणजे जास्त काडतुसं बसतात, वरची नळी आखूड करतात म्हणजे जिन्यात वळते. हिशोब केला तर चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. आणि गंमत अशी की ज्या देशात बंदुकीला इतके सुटे भाग लावतात, तिथे २०२० साली दिवाळं निघून ती रेमिंग्टन कंपनीच सुट्या भागांत विकली गेली.

नळी आखूड करायचं ऐकून मात्र सुभेदारांनी नातवाचा मोबाइल काढून घेतला. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे आणि नळी कापून आखूड करणं हा त्यात गुन्हा आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मिळणाऱ्या साध्या नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांहून कमी नसावी, असंही त्यात लिहिलेलं आहे. नातू म्हणाला, "पण आजोबा, ते कापतात." सुभेदार म्हणाले, "त्यांना कापू दे. आपल्याला कापणार ते वेगळे असतात."

माझं दुखणं त्याहून सोपं वाटत होतं. जुनी द्यायची, नवी घ्यायची. भांड्यांच्या दुकानात मोड देऊन नवं पातेलं आणतात, तसं. आमच्या नाशकात तर ह्या व्यवहाराला परंपरा आहे. तांबटांच्या हातोड्यांचा ठणठणाट जुन्या गावात वर्षानुवर्षं ऐकू यायचा, आणि लग्न ठरलं की लोक जुनी तांब्या-पितळेची मोड बांधून नाशकात यायचे. तोलून द्यायची, तोलून घ्यायची. बंदुकीचं तसं नाही. ती विकायची तर आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, मग कायद्याने ४५ दिवस वाट पाहायची. घेणाऱ्याकडे परवाना हवा. परवान्यावरून जुनीची नोंद कमी व्हायची, नवीच्या खरेदीला मुदत मिळायची, ती आणून दाखवायची, तिचा नंबर चढायचा. शहरात हे काम पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडे, गावाकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे. दोन्ही ठेवाव्यात म्हटलं तर तशी सोय आहे, पण पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या त्या २०१९च्या दुरुस्तीने दोनवर आल्या. दोन बंदुका ठेवून मी कोणाशी लढणार होतो, हा प्रश्न मला कायद्याने विचारला नाही. तो घरातून आला.

तरी मी दुनळी घेऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ह्या माणसांची दुकानं आता गल्लीच्या आतल्या अंगाला असतात आणि आत दिवा कमी व अनुभव जास्त असतो. मिस्त्रींनी दुनळी हातात घेतली, बगलेत धरली, आणि मोडली. म्हणजे उघडली. दुनळी ही कमरेत वाकते; वाकली की नळ्यांची मागची तोंडं उघडी पडतात आणि त्यात दोन काडतुसं ठेवायची. मोडेन पण वाकणार नाही, हा आपला मराठी बाणा. दुनळीचा बरोबर उलटा. ती वाकते, म्हणून शंभर वर्षं मोडत नाही. शिवाय वाकलेली असली की शंभर पावलांवरून दिसतं की ही उडणार नाही. पंपाच्या पोटात काय आहे ते बाहेरून कोणालाच कळत नाही. ह्या एका गुणावर मी तिला पहिल्यांदा जरा आदराने पाहिलं.

मिस्त्रींनी नळ्या उजेडाकडे धरल्या, आतून पाहिलं, मग खालचा शिक्का नखाने खरवडून वाचला. बर्मिंगहॅमला १८१३पासून नळ्या तपासायची एक पेढी आहे. तिथे जादा दारू भरून नळी उडवून पाहतात, न फुटली तर शिक्का मारतात. "शिक्का खरा आहे," मिस्त्री म्हणाले. मी खूश. मग त्यांनी नळीवर तेलाचं बोट फिरवलं आणि नागमोडी, पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी वर आली. "ही पाहिली का? दमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून बनवलेली नळी. काळ्या दारूच्या काळातली. आजच्या बिनधुराच्या दारूचा जोर हिला सोसवणार नाही. शिवाय काडतुसाचं घर अडीच इंचांचं. आजचं काडतूस पावणेतीन इंचांचं."

"मग वडील खडकीची काडतुसं उडवायचे ते?"

मिस्त्रींनी दुनळी हलकेच बंद केली. "तुमच्या वडिलांचं आयुष्य दांडगं होतं," म्हणाले.

नीट करायचा मार्ग तिथे संपला. कुंदा बदलता येईल, घोडे घासता येतील, पण नळी हीच बंदूक. ती बदलली तर उरतं काय, कुंद्यावरचा आजोबांच्या हाताचा काळा डाग. आणि विकायला काढली तर? मिस्त्रींनी जो आकडा सांगितला तो ऐकून मला बाराच्या भावात ह्या वाक्प्रचाराचा उगम बारा बोअरमध्येच असावा असं वाटलं. "चालणारी असती तर वेगळं होतं. ऐंशीच्या दशकापासून बाहेरून बंदुका येणं साध्या माणसाला बंद झालं, त्यामुळे जुन्या चांगल्या विलायती बंदुकीला मागणी असते. पण न उडणारी बंदूक कोण घेणार, साहेब? ती ज्याच्या घरची, त्यालाच शोभते."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी हा सगळा वृत्तांत सांगितला. सुभेदार पुढची अर्धी फेरी गप्प होते. मग त्यांनी देवळालीची गोष्ट काढली.

देवळालीला तोफखान्याची शाळा आहे आणि सुभेदारांच्या बोलण्यात ती नेहमी असते, जशी माझ्या बोलण्यात बँक. त्यांची सारी नोकरी रशियन बनावटीच्या १३० मिलिमीटरच्या तोफांवर गेली. त्या जुन्या झाल्या तेव्हा लष्करापुढेही हाच प्रश्न आला: जुनी सुधारायची की नवी घ्यायची? लष्कराने दोन्ही केलं. जुन्या १३०च्या तोफांना १५५ मिलिमीटरच्या नळ्या चढवल्या, नाव ठेवलं 'शारंग'; टप्पा २७ किलोमीटरवरून ३६च्या पुढे गेला. आणि नव्याही घेतल्या. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीतच अमेरिकन एम-७७७ आणि कोरियन घराण्यातली 'के-९ वज्र' समारंभाने लष्करात दाखल झाल्या. एक इतकी हलकी की हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर न्यावी, दुसरी स्वतःच्या पट्ट्यांवर वाळवंटात धावणारी.

"म्हणजे शेवटी उत्तर काय?" मी विचारलं.

"साहेब, तिथे उत्तराला वेळ लागतो तो पैशांमुळे. प्रश्न सोपा असतो. समोर डोंगर आहे. गोळा पलीकडे पडतो का? नाही पडत. नळी बदलून पडेल का? पडेल. मग बदला. तोफ वर चढते का? नाही चढत. मग दुसरी घ्या." मग थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा डोंगर कुठला?"

घरी येईपर्यंत मी डोंगर शोधत होतो. आजोबांच्या वेळी तो होता असं म्हणता येईल. थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर बदकं उतरायची आणि गावोगावचे बंदूकवाले काडतुसं मोजून तिकडे निघायचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे त्या पाण्याचं अभयारण्य झालं, आणि २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून त्याचं नाव जगाच्या यादीत गेलं. आता तिथे दुर्बीण घेऊन जातात. आमच्या दुनळीने ज्यांच्यावर नेम धरला असेल त्या बदकांच्या पणतवंडांचे फोटो माझ्या बायकोच्या मोबाइलवर आहेत.

बिबट्या? निफाडच्या उसात आणि द्राक्षांत तो आता शेजाऱ्यासारखा राहतो. पण त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही. वनखातं पिंजरा लावतं, आत बकरी बांधतं आणि गाव बाहेर उभं राहून फोटो काढतं. रानडुक्कर? त्यालाही आधी अर्ज, मग परवानगी, मग डुक्कर. आणि डुक्कर अर्ज मंजूर होईपर्यंत थांबत नाही. द्राक्षावर येणाऱ्या पाखरांना जाळी आणि चमकत्या फिती आहेत. ज्वारीवरच्या पाखरांना आमच्या लहानपणी माळ्यावरून गोफण होती. गोफणीला परवाना नाही, काडतूस शेतातच मिळतं, आणि सगळी युक्ती हाताची. खरी पंप ॲक्शन तीच, असं माझं मत होत चाललं आहे. राहिले चोर. त्यांच्यासाठी सोसायटीत कॅमेरा आहे, आणि तो चालू नाही हे चोरांखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

मग ही बंदूक करते काय? तर निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जाते. आचारसंहिता लागली की निरोप येतो: शस्त्र जमा करा. २०२४ साली नाशिकला २० मे रोजी लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. वर्षात दोन वाऱ्या. दोन्ही वेळा मी तिला चादरीत गुंडाळून रिक्षाने नेली, पावती घेतली, आणि निकालानंतर पावती देऊन परत आणली. दुसऱ्या वेळी तिथल्या हवालदारांनी ओळखीच्या पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "आली का पुन्हा?" जिचा घोडा तीस वर्षांत ओढला गेलेला नाही तिच्यापासून लोकशाहीला जपावं लागतं, ह्याचा मला थोडा अभिमानच वाटला.

हा अभिमान मी घरी बोलून दाखवला. बायको पितांबरीने तांब्या घासत होती. "तुम्हाला बंदूक हवी आहे की विषय हवा आहे?" तिने विचारलं. "रोज शिजवायच्या भांड्याला कल्हई लागते. माळ्यावरच्या हंड्याला फडकं पुरतं." आणि तांब्या पालथा घालून ती आत गेली.

ह्यावर मी काही सडेतोड उत्तर शोधत असतानाच फोन वाजला. निफाडहून.

"दादा, मोटार जळाली."

आमचा एक सामाईक बोअर आहे. जमीन भाऊ कसतो, बोअरच्या खर्चात अर्धा वाटा माझा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती. "भरून घ्यायची की नवी टाकायची?" त्याने विचारलं. मोटार भरून घेणं म्हणजे जळालेली तार काढून आत नवी गुंडाळणं.

"किती वेळा भरली आहे?"

"दोनदा भरली. आता भरून बी किती चालंल, भरोसा नाही. आन् पाणी खाली गेलंय, पाचची आता ओढत नाही. साडेसातची टाकावी लागंल."

"नवी टाक. पैसे पाठवतो."

फोन ठेवला. घड्याळ पाहिलं, दोन मिनिटंही झाली नव्हती. सुधारावी की बदलावी हा तोच प्रश्न, तोच बोअर, तोच पंप, आणि खर्च मिस्त्रींकडच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. तरी मी कोणाला विचारलं नाही, मैदानाला फेरी मारली नाही, बर्मिंगहॅमचा इतिहास काढला नाही. पाणी थांबलं की बाग वाळते. डोंगर समोर उभा होता. 'मला वाटलं, काही कामाचं बोलता,' असं तो त्या दिवशी म्हणाला होता, ते आत्ता कुठे कानातून आत गेलं. सहा महिने मी ज्याच्यावर खल केला तो प्रश्न इतका रंगला, कारण त्याच्या उत्तरावर काहीच अवलंबून नव्हतं.

तरी दुनळीची एक व्यवस्था लावायची होतीच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, ह्यातलं जे आधी होईल तेव्हा तो ते कायदेशीर वारसाकडे सोपवायला काढू शकतो. वारसाला अर्थात स्वतःचा परवाना काढावा लागतो. मी पंचवीस केव्हाच ओलांडली, आणि सत्तरी येत्या श्रावणात. पुण्याला मुलीला फोन केला.

"बाबा, मला नको हं ती बंदूक. घरात लहान मूल आहे."

"बरं."

थोडा वेळ गेला. "चालते का ती?"

"नाही. मिस्त्री म्हणाले, उडवूच नका."

"नक्की?"

"शिक्क्यासकट नक्की."

"मग मी घेते," ती म्हणाली. "अर्ज कुठे करायचा ते बघून ठेवा."

सुभेदारांनीही यादी आवरली. यादीतला फक्त कातडी पट्टा त्यांनी विकत घेतला. तो हल्ली त्यांच्या पाण्याच्या बाटलीला आहे. फेऱ्या मारताना बाटली खांद्यावरून आडवी, सरळ, लष्करी शिस्तीत लटकते. टॉर्च नातवाने सायकलला लावला. पंप आहे तसा आहे आणि खच्-खच् उत्तम वाजतो.

खंडेनवमीला मी दुनळी कपाटातून काढली. मोडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, फडक्याने पुसली, पातळ तेलाचं एक बोट फिरवलं. तरंगांची नक्षी पुन्हा वर आली. शेजारी विळी, कात्री, बायकोचं शिवणयंत्र, माझा कॅल्क्युलेटर. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल, दुनळीला वयाचा मान म्हणून माळ. एवढ्यात निफाडहून फोटो आला: नव्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीलाही झेंडूची माळ घातलेली, आणि मागे पाइपमधून पाणी पडतंय.

ह्या वर्षी बंदुकीवर झालेला एकूण खर्च: तेलाची एक लहान बाटली आणि झेंडूची एक माळ. बोअरला पाणी चांगलं आहे.